बिऱ्हाड पाठीवर घेतलेली फ्रेगेझिया: कास्त्रो लाबोरेइरो

गोव्यातल्या पुष्कळ घरांत आजी-आजोबांचे पोर्तुगीज राजवटीतले जन्मदाखले अजून ट्रंकेत जपून ठेवलेले असतात. पोर्तुगीज नागरिकत्वाची खटपट सुरू झाली की ते बाहेर निघतात, आणि मग नातवंडं एका शब्दाशी अडतात: फ्रेगेझिया. कुणी सांगतं, म्हणजे चर्चचा परिसर. कुणी सांगतं, आपली पंचायत. दोन्ही उत्तरं अर्धी अर्धी बरोबर आहेत. पोर्तुगालमध्ये आजही माणसाचं जन्मस्थान लिहिताना नुसतं शहराचं नाव लिहून भागत नाही. फ्रेगेझिया अमुक, तालुका तमुक, असंच लिहावं लागतं.

हे प्रकरण नेमकं काय आहे ते कायद्याच्या पुस्तकातून समजून घ्यायला गेलं तर जांभया येतात. त्यापेक्षा एक खरीखुरी फ्रेगेझिया घेऊ आणि तिच्यातून हिंडू. मी निवडलेली फ्रेगेझिया पोर्तुगालच्या अगदी उत्तर टोकाजवळ, स्पेनच्या सरहद्दीला चिकटून आहे. नाव कास्त्रो लाबोरेइरो. ती निवडण्यामागे कारण आहे. इथल्या बहुतेक कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्या दोन गावांत दोन घरं होती, आणि वर्षातून दोनदा अख्खं गाव उठून दुसऱ्या गावात राहायला जायचं. सरकारी नकाशा आणि माणसांचं प्रत्यक्ष जगणं यांचं किती जमतं आणि कुठे फाटतं, ते इथे फार स्वच्छ दिसतं.

आधी फ्रेगेझियाची कुळकथा

पोर्तुगालच्या कारभाराची उतरंड तशी सोपी आहे. देशात 308 कोन्सेल्यो आहेत. कोन्सेल्यो म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका, फक्त त्याला निवडून आलेली नगरसभा असते आणि अधिकारही बरेच असतात. प्रत्येक कोन्सेल्योचे तुकडे म्हणजे फ्रेगेझिया. देशभरात त्या तीन हजारांहून अधिक आहेत. अपवाद एकच. अटलांटिकमधल्या असोरेस द्वीपसमूहातलं कोर्वो हे बेट इतकं चिमुकलं आहे की तिथे तालुका आहे, पण त्याच्या पोटात फ्रेगेझियाच नाही.

फ्रेगेझिया म्हणजे गाव समजू नका. लिस्बनसारख्या शहरात ती एखाद्या वॉर्डासारखी असते आणि तिच्यात हजारो माणसं राहतात. डोंगराळ भागात ती वीस-तीस वाड्यांची मिळून एक असते, आणि तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पायी जायला दिवस मोडतो.

मुळात ही चर्चची सोय. एका पाद्र्याच्या हाताखाली जेवढी घरं, तेवढा परिसर. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर बाप्तिस्मा आणि लग्न यांच्या नोंदी ठेवणं पाद्र्यांवर बंधनकारक झालं. पुढे मृत्यूच्याही नोंदी त्यांच्याकडेच आल्या. परिणाम असा झाला की खेड्यात कोण जन्मलं, कोण मेलं, कुणाचं कुणाशी लग्न झालं, हे माहीत असलेला लिहिता-वाचता माणूस एकच उरला. राजाचा अधिकारी तालुक्याच्या गावापर्यंत पोचायचा. त्याच्यापुढे सगळा भार पाद्र्यावर.

म्हणूनच 1755 च्या महाभूकंपाने लिस्बन उद्ध्वस्त झाल्यावर, 1758 मध्ये सरकारने देशभर माहिती मागवली ती पाद्र्यांकडूनच. छापील प्रश्नावली होती, साठ प्रश्नांची, तीन भागांत: गावाबद्दल, डोंगराबद्दल, नदीबद्दल. वस्ती किती, पीक कुठलं, लिस्बन किती अंतरावर, नदीत मासे कुठले, पाणचक्क्या किती, भूकंपात काय पडलं. काही पाद्र्यांनी चार ओळींत बोळवण केली, काहींनी पानंच्या पानं भरली. ही उत्तरं लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि पोर्तुगालमधल्या कुठल्याही खेड्याचा इतिहास लिहायला बसणारा माणूस पहिल्यांदा तिथेच हात घालतो. डोंगर आणि नदी यांना गावाइतकंच महत्त्व देणारी ती प्रश्नावली मला तरी फार शहाणपणाची वाटते.

एकोणिसाव्या शतकात उदारमतवादी राजवट आल्यावर चर्चच्या याच परिसराला एक बिनधार्मिक समिती जोडली गेली. 1910 मध्ये राजेशाही गेली, 1911 मध्ये चर्च आणि सरकार कायद्याने वेगळे झाले, आणि 1916 च्या कायद्याने या मुलकी एककाला अधिकृतपणे फ्रेगेझिया म्हणायला सुरुवात झाली. म्हणजे सीमारेषा पाद्र्यांनी आखलेल्या, त्यांवरचा शिक्का प्रजासत्ताकाचा.

आज फ्रेगेझियाचा कारभार जुंता नावाची छोटी समिती पाहते. तिच्यावर चार वर्षांनी निवडून येणारी सभा असते. मतदार दीडशे किंवा त्याहून कमी असतील तर सभा निवडायचीच नाही. सगळे मतदार एकत्र बसून ठरवतात. कामं साधी: रहिवासाचा दाखला, वाड्यांमधले रस्ते, दफनभूमी, सार्वजनिक नळ. आणि कुत्र्याचा परवानासुद्धा. हा परवाना लक्षात ठेवा, कारण कास्त्रो लाबोरेइरोचं नाव जगात पोचलं ते कुत्र्यामुळेच.

दगड, वारा आणि दोन नद्या

मेल्गासो हा पोर्तुगालचा सगळ्यात उत्तरेकडचा तालुका. खाली मिन्यो नदी, पलीकडे स्पेनचा गॅलिसिया प्रांत. नदीकाठी द्राक्षमळे, हिरवीगार उबदार खोरी. तिथून रस्ता वळणं घेत घेत वर चढतो आणि झाडी विरळ होत जाते. सुमारे हजार मीटरवर पोचलं की सगळा मुलूख ग्रॅनाइटचा: गोल घासलेले प्रचंड धोंडे, त्यांच्या फटींतून काटेरी पिवळ्या फुलांची झुडपं. ही कास्त्रो लाबोरेइरोची फ्रेगेझिया. क्षेत्रफळ नव्वद चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मेल्गासो तालुक्याचा एक तृतीयांशाहून मोठा भाग. आणि 2011 च्या जनगणनेत माणसं सुमारे 540. दर चौरस किलोमीटरला सहा.

या प्रदेशाची चावी पाण्यात आहे. इथल्या पठारावर उगम पावणारी लाबोरेइरो नदी दक्षिणेकडे वाहते, काही अंतर स्पेनची सरहद्द बनते आणि पुढे लिमा नदीला मिळते. शेजारच्या लामास द मोउरो या फ्रेगेझियातली मोउरो नदी मात्र उत्तरेला जाऊन मिन्योला मिळते. दोन फ्रेगेझियांच्या मधला उंचवटा म्हणजे दोन मोठ्या खोऱ्यांची पाणलोट-रेषा. एका बाजूला पडलेला पाऊस एका शहराजवळ समुद्राला मिळतो, दुसऱ्या बाजूचा दुसऱ्याजवळ.

पाऊसही थोडाथोडका नाही. अटलांटिकवरून येणारे ओले वारे किनारपट्टी ओलांडून पहिल्यांदा ज्या उंच भिंतीवर आदळतात ती हीच पेनेदा आणि जेरेसची डोंगररांग. पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरचा सर्वाधिक पाऊस याच पट्ट्यात पडतो. पण आपल्यासारखा तो उन्हाळ्याच्या शेवटी येत नाही. तो येतो थंडीत, वाऱ्यासोबत, आणि उंचावर बर्फ होऊन.

माणूस इथे कधीपासून आहे? फार जुन्या काळापासून. पठारावर, हजार-तेराशे मीटर उंचीवर, नवाश्मयुगातल्या दगडी थडग्यांचे शंभराच्या आसपास उंचवटे विखुरलेले आहेत. आयबेरियन द्वीपकल्पातल्या मोठ्या महापाषाणी दफनस्थळांत त्यांची गणना होते. लांबून पाहिलं तर गवताचा फुगवटा, जवळ गेलं की मधे उभे दगड. आज तिथे फक्त गुरं आणि अर्धरानटी गारानो घोडी चरतात.

ब्रांदा आणि इनव्हर्नेइरा

आता मुख्य गोष्ट.

फ्रेगेझियातल्या वाड्या तीन प्रकारच्या आहेत. काही बारमाही वस्तीच्या, त्यांत किल्ल्याखालचं मुख्य गाव आलं. बाकीच्यांपैकी उंचावरच्या, साधारण हजार ते साडेअकराशे मीटरवरच्या वाड्यांना ब्रांदा म्हणतात: पादरेसोउरो, केइमादेलो, पोर्तोस. खाली खोऱ्यात, सातशे-आठशे मीटरच्या आसपास असलेल्या वाड्या म्हणजे इनव्हर्नेइरा, हिवाळ्याच्या: बागो द सिमा, पोंतेस, दोर्ना, आसुरेइरा. एकाच कुटुंबाचं एक घर ब्रांदात आणि एक इनव्हर्नेइरात. दोन्हीकडे शेत, दोन्हीकडे गोठा, दोन्हीकडे चूल.

डिसेंबरच्या मध्यावर, नाताळाच्या आधी, बैलगाड्या जुंपल्या जायच्या. अंथरुणं, कपडे, हंडे, पीठ, खारवलेलं मांस, कोंबड्या, डुकरं. मांजरसुद्धा मागे ठेवत नसत. वरची चूल विझवायची, दाराला कुलूप घालायचं आणि खाली उतरायचं. मार्चअखेरीस किंवा ईस्टरच्या सुमाराला हीच वरात उलट दिशेने वर. म्हणजे वर्षाचे आठ-नऊ महिने वर आणि तीन-चार महिने खाली.

पोर्तुगालच्या डोंगरात उन्हाळी चराईच्या जागा इतरत्रही आहेत. शेजारच्या फ्रेगेझियांतही ब्रांदा आहेत. पण तिथे वर जायचे ते गुराखी. घर-संसार खालीच राहायचा. कास्त्रोमध्ये म्हातारीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे जायचे. हा फरक मोठा आहे.

पण का? थंडी, हे पहिलं उत्तर आपण देऊ. ते अपुरं आहे. शंभर मीटर खाली उतरलं की तापमान साधारण 0.6 अंशाने वाढतं. तीनशे मीटरच्या फरकाने जेमतेम दोन अंश ऊब मिळणार. दोन अंशांसाठी कोण अख्खा संसार गाडीवर लादतं? खरा फरक वाऱ्याचा आहे. पठार उघडंबोडकं आहे, तिथे बर्फ साचतो आणि वारा हाडं फोडतो. खोऱ्यातल्या वाड्या डोंगराच्या कुशीत आहेत.

दुसरं कारण राय नावाच्या धान्यात आहे. वरच्या शेतांत मुख्य पीक हेच, पुढे बटाटाही आला. राय पेरतात शरदात. ती उगवते, हातभर होण्याआधीच बर्फाखाली जाते, तिथे निवांत थांबते आणि उन्हाळ्यात कापणीला येते. मधल्या हिवाळ्यात शेताला माणसाची गरजच नसते.

तिसरं कारण गुरं. वर बर्फाखाली चारा नाही. खाली ओढ्याकाठच्या कुरणांत आहे. उत्तर पोर्तुगालच्या डोंगरात एक जुनी युक्ती आहे: हिवाळ्यात उताराच्या कुरणावर बारीक चरांतून पाणी सोडायचं आणि ते पातळ थर होऊन सतत वाहत ठेवायचं. झऱ्याचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, शिवाय वाहतं, त्यामुळे गवताच्या मुळाशी दहिवर गोठत नाही आणि गवत जिवंत राहतं. भर हिवाळ्यात हिरवा चारा यातून मिळतो. पाणी किती वेळ कुणाच्या कुरणात सोडायचं याच्या पाळ्या असत, आणि भांडणंही बहुतेक त्यावरूनच होत.

मग कायमचंच खाली का राहू नये? कारण खाली जमीन नाही. खोरं अरुंद, उतार खडा, शेतं म्हणजे दगडी बांध घालून काढलेले चिंचोळे तुकडे. तेवढ्यावर वर्ष निघत नाही. वरची जमीन पोट भरते, खालची जमीन हिवाळा काढून देते. एकाच घरात राहून दोन्ही साधत नव्हतं.

घरंही या हिशेबाने बांधलेली. ग्रॅनाइटच्या जाड भिंती, पूर्वी रायच्या काडाचं छप्पर, खाली गुरं आणि वर माणसं, म्हणजे जनावरांची ऊब फळ्यांमधून वर येते. ओढ्यांवर दगडी कमानीचे जुने पूल आहेत. पर्यटकांना ते मध्ययुगीन वास्तू म्हणून दाखवतात, आणि त्या आहेतच. पण गावाच्या दृष्टीने ते डिसेंबरातल्या भरलेल्या गाडीसाठी होते. वाडीवाडीला सामाईक भट्टी असे; पाळीपाळीने रायच्या मोठ्या भाकऱ्या भाजायच्या आणि त्या कितीतरी दिवस पुरवायच्या.

माणसं मोजायची कुठे?

यातून एक गंमत होते. पोर्तुगालची पहिली आधुनिक जनगणना 1 जानेवारी 1864 ला झाली, दुसरी 1 जानेवारी 1878 ला. त्या दिवशी ब्रांदा रिकाम्या असणार. वाडीवार यादी काढली तर उंचावरची अख्खी गावं ओस आणि खालची भरगच्च. पुढच्या काही जनगणना 1 डिसेंबरला झाल्या, म्हणजे लोक उतरण्याच्या आधी. त्यात चित्र नेमकं उलटं. 1950 आणि 1960 ची मोजणी 15 डिसेंबरला होती, ऐन बिऱ्हाड हलवण्याच्या दिवसांत. हे आकडे वाडीच्या पातळीवर वाचून कुणी 'वस्ती घटली', 'वस्ती वाढली' असे निष्कर्ष काढले तर फसगत ठरलेली.

फ्रेगेझियाचा एकूण आकडा मात्र बिघडत नाही, कारण दोन्ही घरं तिच्याच हद्दीत. इथे कळतं की चर्चने आखलेली ही हद्द वेडीवाकडी दिसली तरी उगाच आखलेली नव्हती. एका समूहाच्या वर्षभराच्या हालचालीला पुरेल एवढं मोठं रिंगण तिने आखलं होतं. बाप्तिस्मा कुठल्याही महिन्यात होवो, नोंदवही एकच.

किल्ला, सनद आणि गेलेला तालुका

गावाच्या माथ्यावर 1033 मीटर उंचीवर किल्ला आहे. किल्ला म्हणण्यापेक्षा खडकांच्या मधल्या फटी भिंतींनी बुजवलेल्या आहेत, असं म्हटलं तर जास्त खरं ठरेल. तेराव्या शतकाच्या शेवटी दिनीस राजाच्या काळात त्याची मोठी बांधणी झाली. 1509-10 च्या सुमाराला दुआर्ते द आर्मास नावाचा चित्रकार-अधिकारी मानुएल राजाच्या हुकमावरून स्पेनच्या सरहद्दीवरचे पन्नासहून अधिक किल्ले रेखाटत हिंडला. त्या चित्रांत कास्त्रो लाबोरेइरोही आहे, उभ्या खडकावर, खाली काडाच्या छपरांची घरं.

1271 मध्ये तिसऱ्या आफोन्सो राजाने या वस्तीला फोराल दिली. फोराल म्हणजे राजाची सनद: लोकांनी राजाला काय द्यायचं, त्या बदल्यात त्यांचे हक्क कुठले, दंड किती, कुठल्या रानात गुरं चारायची. या सनदेमुळे कास्त्रो लाबोरेइरो स्वतंत्र तालुका झाला, जरी त्या तालुक्यात फ्रेगेझिया एकच होती. मानुएल राजाने जुन्या सनदा तपासून नव्याने लिहायचा सपाटा लावला, त्यात 1513 मध्ये कास्त्रोला नवी सनद मिळाली.

इथे गोव्याचा धागा पुन्हा सापडतो. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगिजांसमोर प्रश्न होता की इथल्या गावांकडून काय नि कसं घ्यायचं. त्यांना ठाऊक असलेलं हत्यार हेच. 1526 मध्ये आफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने गोव्याच्या गावकऱ्यांचे रिवाज, जमिनीचे हक्क, देणी लिहून काढली. गोव्याच्या कोमुनिदादींचा, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या गावकरी-संस्थांचा, इतिहास सांगताना जिचा हवाला देतात ती फोराल हीच. गोव्याच्या गावकऱ्याला आणि कास्त्रोच्या मेंढपाळाला एकाच जातीच्या कागदाने बांधलं होतं. फरक असा की गावकरी पद्धत पोर्तुगिजांच्या फार आधीपासून होती. त्यांनी ती लिहून घेतली. फ्रेगेझियाही गोव्यात तिथूनच आली, चर्चच्या मागोमाग.

एकोणिसाव्या शतकात लिस्बनच्या सरकारला वाटलं की देशात तालुके फार झाले. 1836 च्या एका फटक्यात सुमारे आठशेचे 351 झाले. कास्त्रो लाबोरेइरो त्या वेळी वाचला, पण 1855 मध्ये त्याचाही तालुका मोडला आणि ते मेल्गासोची एक फ्रेगेझिया झालं. जवळपास सहाशे वर्षांचा स्वतंत्र तालुका गेला. गावातला गुन्हेगारांना बांधायचा दगडी खांब, जो पोर्तुगालमध्ये स्वायत्त गावाची खूण असतो, तेवढा उरला आहे.

रान कुणाचं?

शेतं घरोघरची, पण पठारावरचं रान सगळ्यांचं. पोर्तुगालमध्ये अशा सामाईक रानाला बाल्दियो म्हणतात. गुरं चारणं, गोठ्यात अंथरायला झुडपं कापणं, सरपण, सगळं तिथून. गोठ्यात अंथरलेली झुडपं शेणामुताने कुजली की तेच खत. त्यामुळे रान गेलं की शेतही गेलं, इतका सरळ हिशेब.

1938 मध्ये हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने उत्तरेकडच्या बाल्दियोंवर झाडं लावायची मोठी योजना कायद्याने आणली. पाइनची लागवड झाली, वनरक्षक आले, चराईवर बंदी आणि दंड आले. पठारांवरच्या कित्येक खेड्यांचे कळप यात तुटले. ही हुकूमशाही उलथवणाऱ्या 1974 च्या क्रांतीनंतर, 1976 च्या कायद्यांनी ही रानं वापरणाऱ्या गावकऱ्यांना परत मिळाली. मधल्या काळात, 1971 मध्ये, पेनेदा-जेरेस राष्ट्रीय उद्यान झालं. पोर्तुगालमधलं हे एकमेव राष्ट्रीय उद्यान, आणि कास्त्रो लाबोरेइरो त्याच्या हद्दीत येतं. म्हणजे आज एकाच टेकडीवर बाल्दियोची सभा, उद्यानाचे नियम आणि फ्रेगेझियाची जुंता अशा तिघांचा हक्क लागतो. आपल्याकडे वनखातं आणि ग्रामसभा यांचं ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

पुरुष गेले, बायका राहिल्या

इथले पुरुष गवंडीकामात वाकबगार. ग्रॅनाइट फोडणं रक्तातच. थंडीत शेतात काम नसायचं, म्हणून ते महिनोन्‌महिने देशाच्या इतर भागांत आणि स्पेनमध्ये भिंती बांधायला जायचे. घर, दोन्ही शेतं, गुरं आणि ते डिसेंबरचं स्थलांतरसुद्धा बायकांच्या अंगावर. कास्त्रोच्या बायका जाड काळ्या लोकरी कपड्यांत वावरत, डोक्यावरून काळं पांघरूण. उत्तर पोर्तुगालमध्ये परदेशी गेलेल्यांच्या बायकांना 'जिवंतांच्या विधवा' म्हणायचे.

दुसरं उत्पन्न सरहद्दीचं. 1864 च्या लिस्बन तहाने पोर्तुगाल-स्पेनची उत्तरेकडची सीमा खांब रोवून पक्की केली, पण पलीकडच्या एन्त्रिमोशी सोयरिकी होत्या, बाजार होता, बोलीही जवळपास एकच. रात्री कॉफी जायची, गुरं यायची. ज्या बाजूला जे महाग ते तिकडे. 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा बंडखोर सेनापती फ्रँकोच्या माणसांपासून पळालेल्या गॅलिसियन लोकांनी याच डोंगरवाड्यांत आसरा घेतला. पोर्तुगीज पोलिस त्यांना पकडून परत देत होते, तरीही लोकांनी त्यांना लपवलं. रिकाम्या ब्रांदा हिवाळ्यात लपायला काय वाईट?

1960 च्या दशकात सगळंच बदललं. गोवा 1961 च्या डिसेंबरात गेला. त्याच वर्षी अंगोलात वसाहतीचं युद्ध सुरू झालं होतं, आणि तरुणांना सक्तीची लष्करी भरती चुकवायची होती. फ्रान्समध्ये बांधकामाला माणसं हवी होती. पासपोर्ट मिळत नव्हता, म्हणून हजारो पोर्तुगीज चोरवाटेने गेले. त्या काळची एक पद्धत सांगण्यासारखी आहे. निघताना फोटो मधोमध फाडायचा. अर्धा घरी, अर्धा प्रवाशाच्या खिशात. फ्रान्सला सुखरूप पोचल्यावर तो आपला अर्धा तुकडा घरी पाठवायचा. दोन्ही तुकडे जुळले की घरचे वाटाड्याचे उरलेले पैसे चुकते करायचे. मेल्गासो शहरात सरहद्द आणि स्थलांतर याच विषयावर एक छोटं संग्रहालय आहे.

फ्रान्सहून पैसा आला, त्यातून नवी घरं झाली, आणि नव्या घरात शेगडी-हीटर असल्यावर डिसेंबरात उतरायचं कारण उरलं नाही. आधी मुलं सुटली, मग गुरं कमी झाली. या शतकाच्या सुरुवातीलाही काही मोजकी वयस्कर कुटुंबं बिऱ्हाड हलवत होती. बाकीच्यांनी एक घर निवडलं, बहुतेकांनी वरचं, रस्त्याजवळचं. काही इनव्हर्नेइरांत आता छपरं आत कोसळली आहेत, काही घरं पर्यटकांसाठी दुरुस्त झाली आहेत.

परवान्याचा कुत्रा

लांडगे या डोंगरांत आजही आहेत. जवळपासच्या गावांत त्यांना पकडायचे जुने सापळे दिसतात: दोन लांबलचक दगडी भिंती नरसाळ्यासारख्या जवळ येत जातात आणि टोकाला खोल खड्डा. सगळं गाव हाकारा करत लांडग्याला त्यात ढकलायचं. पण रोजची राखण कुत्र्याची. कास्त्रो लाबोरेइरोचा कुत्रा मध्यम-मोठा, सडसडीत, आखूड दाट केसांचा. राखाडी-तपकिरीवर काळे पट्टे. या रंगाला तिथे 'डोंगराचा रंग' म्हणतात आणि ग्रॅनाइटच्या पार्श्वभूमीवर तो उभा राहिला की खरंच दिसत नाही. त्याचं भुंकणं खर्जात सुरू होतं आणि वर चढत जाऊन लांबलचक किंचाळीत संपतं. 1935 मध्ये या जातीची लक्षणं पहिल्यांदा लिहून निघाली. आंतरराष्ट्रीय श्वानसंघाच्या यादीत तिचा क्रमांक 170 आहे. कळप घटले तशी कुत्र्यांची कामंही घटली. आता उद्यानाच्या परिसरात लांडग्यांना संरक्षण असल्यामुळे मेंढपाळांना राखणीचे कुत्रे पुन्हा हवे आहेत, हे त्यातल्या त्यात बरं.

2013 ची जोडाजोडी

युरोपच्या कर्जसंकटात पोर्तुगालने 2011 मध्ये परकी मदत घेतली. कर्ज देणाऱ्यांची एक अट होती की स्थानिक कारभाराची एककं कमी करा. तालुक्यांना हात लावणं राजकीयदृष्ट्या महाग, म्हणून कुऱ्हाड फ्रेगेझियांवर पडली. 2013 च्या कायद्याने 4,200 हून अधिक फ्रेगेझियांच्या तीन हजार शंभरच्या आत आल्या. मेल्गासोत 18 च्या 13 झाल्या. कास्त्रो लाबोरेइरोची सांगड शेजारच्या लामास द मोउरोशी घातली गेली.

लिस्बनमधल्या टेबलावर हे सरळ दिसतं: दोन शेजारी, दोन्हीकडे माणसं थोडी, करा एक. पण मधे ती पाणलोट-रेषा आहे. दोघांची पाणी, वाटा, बाजार वेगवेगळ्या दिशांना जातात. शिवाय पैसा फारसा वाचत नाही, कारण अशा खेड्यांच्या जुंतांवर मुळात खर्चच किरकोळ असतो. वाचतो तो कागदावरचा आकडा. वयस्कर माणसाला रहिवासाच्या दाखल्यासाठी किती दूर जावं लागतं, हा खर्च कुठल्याच रकान्यात येत नाही. म्हणूनच या जोडाजोडीवर पोर्तुगालच्या खेड्यांत नंतर वर्षानुवर्षं तक्रारी चालू राहिल्या.

कुणाला तिथे जायचंच असेल तर पोर्तोहून मेल्गासो गाठावं आणि तिथून गाडीने वर चढावं. किल्ला तासाभरात होतो. त्यापेक्षा मे-जूनमध्ये एखाद्या ब्रांदापासून खालच्या इनव्हर्नेइरापर्यंतच्या जुन्या गाडीवाटेने उतरावं. दगडांत चाकांच्या खाचा पडलेल्या आहेत. गुडघे दुखत असतील तर उलट, खालून वर चढलेलं बरं. गावात धुरी दिलेलं डुकराचं मांस आणि रायची भाकरी मिळते. सुट्टीत घरी आलेल्या फ्रान्सच्या गाड्या पाहायच्या असतील तर ऑगस्ट.